अंगणातला मोगरा कोणाच्या नावावर?

(जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. थोडी काटछाट करून, बोललं तसंच छापत आहोत.)

मैत्रिणींनो,

मला आज बोलायला सांगितलं आहे ते घर आणि जागेवरच्या बाईच्या हक्काविषयी. नमुना आठ, वारस नोंद, हक्कसोडपत्र वगैरे. ते सगळं मी सांगणार आहे, कागद पिशवीत आहेत. पण सुरुवात परवाच्या रविवारपासून करते. त्या दिवशी मी कुठल्या बैठकीला गेले नाही, कोणाचं प्रकरण ऐकलं नाही. दिवसभर अंगणातल्या फुलझाडांत राबले. संध्याकाळी हातपाय धुताना लक्षात आलं की आजच्या भाषणाची तयारी तिथंच झाली होती.

आपल्या वर्धा जिल्ह्यातला वसंत तुम्हाला माहीतच आहे. शिमग्याच्या आगेमागे वावरांच्या धुऱ्यांवर पळस पेटतो, पाडव्यापर्यंत कडुलिंबाला मोहोर येतो, आणि एवढ्यात तो संपतोही. मग जे ऊन लागतं ते मृगापर्यंत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यामुळे आपल्याकडे फुलझाडं लावणाऱ्या बाईला वसंतात मिरवायला वेळ नसतो. येणाऱ्या उन्हाळ्यातून काय जगवायचं आणि काय सोडून द्यायचं, याचा हिशेब याच दिवसांत करावा लागतो.

माझ्याकडे नळ एक दिवसाआड पहाटे पाचला येतो. पहिलं पाणी पिण्याचं, मग वापरायचं, उरलं तर झाडांचं. हा क्रम तुमच्याही घरी असाच असणार. माझ्या निम्म्या झाडांनी तर नळाचं पाणी पाहिलेलंच नाही. न्हाणीच्या सांडपाण्याला चर काढून ते कर्दळीच्या आणि केळीच्या बुडाशी सोडलं आहे. तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला जातं. फुटका माठ मातीत गळ्यापर्यंत पुरून ठेवला आहे, त्यात दोन गुंड ओतले की जाईच्या मुळांना दोन दिवस ओल पुरते. सदाफुली कोणाला काही मागत नाही, ती भिंतीच्या भेगेतही येते. काही बाया असतात ना तशा. म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

मोगऱ्याचं खरं काम माघात होतं. त्याचं पाणी तोडायचं, दोन-तीन आठवडे ताण द्यायचा, पानं ओरबाडून काढायची, काड्या छाटायच्या, बुड मोकळं करून शेणखत घालायचं आणि मग भरपूर पाणी द्यायचं. तेव्हा कुठे चैत्रात कळ्या धरतात. माझी आजी म्हणायची, मोगऱ्याला सुनेसारखं वागवावं लागतं. लहानपणी मला यात काहीच खटकलं नव्हतं. आता दर माघात पानं ओरबाडताना ते वाक्य आठवतं आणि हात जरा थांबतो. मग पुन्हा चालू लागतो, कारण फुलं तर हवीच असतात.

तर रविवारी सकाळी मी मोगऱ्याच्या आळ्यातलं निंदण केलं, वर तुरीचं कुटार पसरलं, म्हणजे ओल टिकते. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला होता, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक फांदी पुसली. शेवंती हिवाळ्यात फुलून गेली, तिची वाळलेली खोडं कापली आणि बुडाशी आलेले फुटवे मुळासकट वेगळे केले. साठ-सत्तर निघाले. ते पावसाळा येईतो कडुलिंबाच्या सावलीत जगवायचे. नऊ वाजेपर्यंत पाठ धरली. दहाला ऊन डोक्यावर.

आता कोणी विचारेल, हे काम आहे की विरंगुळा? आपल्या वेळेचा हिशेब सरकारनंही केला आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपैशाच्या घरकामात बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. माझे बागेतले पाच तास यात कोणत्या रकान्यात बसवायचे? फुलं देवाला जातात म्हणून ते घरकाम? की मला बरं वाटतं म्हणून फुरसत? आमच्या भागातल्या बायांना मी हे विचारलं. एक जण म्हणाली, "फुलाले पानी घालताना मले कोनी आवाज देत नाई, तेवढाच टाइम माया." रकाना कोणताही असो, मला तिचं उत्तर पटलं.

फुलाशी आपल्या जिल्ह्यातल्या बायांचं नातं तसं कष्टाचंच आहे. आर्वी-कारंजाकडच्या बाया या दिवसांत पहाटे उठून मोहाची फुलं वेचतात. वाकून वाकून टोपलं भरायचं, वाळवायचं, विकायचं. आणि त्याच फुलाची पुढे हातभट्टी होते, ती नवऱ्याच्या पोटात जाते. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गावागावात ती किती आहे हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे, तुमच्यापैकी कितीकींनी भट्ट्या फोडल्या आहेत. पऱ्हाटीचं फूल घ्या. पहिल्या दिवशी पांढरट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. ज्या संकरित सरकीवर आपली शेती उभी आहे, ती सरकी तयार करताना संध्याकाळी एकेका फुलातले पुंकेसर हातानं काढायचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचं परागकण लावायचे, असं काम असतं. गुजरात-आंध्रच्या बीजोत्पादन प्लॉटमध्ये हे काम वर्षानुवर्षं बायांनी आणि शाळा सुटलेल्या मुलींनी केलं. लाखो फुलं हातातून गेली, त्यातलं एकही त्यांचं नव्हतं.

अमेरिकेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे, तेही कापसाचं. तिथल्या काळ्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७४ साली आपल्या आईच्या बागेविषयी एक लेख लिहिला, तो स्त्री-चळवळीत जगभर वाचला गेला. आई दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईनं राबणारी, आठ मुलांची. वावरात जाण्याआधी ती फुलांना पाणी द्यायची आणि रात्री अंधार पडेपर्यंत तिथंच असायची. पन्नासहून जास्त जातीची झाडं होती म्हणे. वॉकर विचारतात, ज्या बायांना लिहू-वाचू दिलं नाही, त्यांच्यातलं कलावंताचं अंग गेलं कुठे? आणि उत्तर त्यांना आईच्या बागेत सापडतं. हा लेख मला फार आवडतो. पण एक गोष्ट मला नेहमी टोचते: बटाईवाल्याला घर बदलावं लागतं. जमीन मालकाची. मग दरवेळी त्या बागेचं काय झालं असेल?

आता जरा स्वतःविषयी बोलते, आणि ते फारसं अभिमानाचं नाही. चळवळीत आम्ही नव्या होतो तेव्हा गजरा, बांगड्या, कुंकू हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून "गुलामीच्या खुणा" म्हणून मोकळ्या व्हायचो. पुरुषासाठी नटणं, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला दिसायचा. शिवाय आपला जिल्हा गांधी-विनोबांचा. आश्रमी रीतीत पाहुण्याला फुलांचा हार नाही, सुताची माळ घालतात. फुलं तोडणं, माळणं यात काहीतरी उधळपट्टी आहे असं मनात बसलेलं. एका शिबिरात पहिल्यांदाच आलेल्या, केसात अबोलीचा वळेसर घातलेल्या मुलीला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे कोणासाठी?" ती काही बोलली नाही. दुपारी जेवणानंतर पाहिलं तर वळेसर केसात नव्हता. ती पुन्हा शिबिराला आली नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो तिनं स्वतः लावलेल्या अबोलीचा होता आणि माहेरच्या अंगणातून निघताना आईनं घालून दिला होता.

सावित्रीबाईंचं नाव आपण रोज घेतो. १८५४ साली त्यांचा "काव्यफुले" हा संग्रह आला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यात शूद्रांच्या शिक्षणाच्या कविता आहेत तशा जाईच्या फुलावर, पिवळ्या चाफ्यावर, गुलाबावरही आहेत. ज्या घराचं आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलं त्या घरातली ती बाई. अंगावर शेण झेलणाऱ्या, १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घर उघडणाऱ्या बाईला फुलाकडे पाहायला लाज वाटली नाही. ती आम्हाला का वाटत होती, कोण जाणे.

आता मोगऱ्याकडे येते. माझ्या अंगणातला हा मोगरा मुळात माझा नाही.

शेजारच्या काकू माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या घरामागे उकिरडा होता. तीस वर्षांत त्यांनी तिथे वाडी उभी केली. मोगरा, जाई, तगर, कण्हेर, पांढरी आणि लाल जास्वंद, दारात पारिजातक. सगळ्या गल्लीच्या देवांना फुलं त्यांच्याकडून. गणपतीत, नवरात्रात आम्ही पोरीबाळी परड्या घेऊन त्यांच्याकडेच जायचो. काकू पहाटे निवडून द्यायच्या: मुक्या कळ्या वेगळ्या, उमललेली वेगळी.

काका आजारानं गेले. तेराव्यापर्यंत सगळे रीतीनं झालं, म्हणजे बांगड्या फोडणं वगैरे. ते मी सांगत बसत नाही. मला आठवतं ते पुढचं. त्या चैत्रात मोगरा असा फुलला की वास रस्त्यापर्यंत. काकू पहाटे उठून नेहमीसारख्या कळ्या तोडायच्या, गल्लीत वाटायच्या. त्यांच्या हातची फुलं देवाला चालत होती. त्यांच्या केसात चालत नव्हती. मी एकदा म्हटलं, "काकू, एक गजरा तुम्ही घाला ना." त्या म्हणाल्या, "मले काय करायचं फुलाचं आता?" आणि दोरा दातानं तोडला.

मैत्रिणींनो, यात मला जी गोष्ट कधीच कळली नाही ती ही. मंगळसूत्र नवऱ्यानं घातलेलं असतं, ते त्याच्याबरोबर जातं असं म्हणणाऱ्याचं निदान म्हणणं तरी कळतं. पण फूल? मुलगी चार वर्षांची असल्यापासून फुलं माळते. तेव्हा कुठे असतो नवरा? मग मधेच ते त्याचं कसं होतं? आपल्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान वाटला. हळद खणताना, शिजवताना, वाळवताना बाईचं कपाळ कोणी पाहत नाही. हात पिवळे झाले तर चालतात. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मात्र तीच बाई दाराआड.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलं झालं. आपल्याही गावांनी ठराव घ्यावेत. पण ठराव झालेल्या गावातही मयताच्या घरी सकाळी सकाळी चार म्हाताऱ्या जमतात तेव्हा तिथे ग्रामसेवक उभा नसतो. तिथे आपल्यापैकी कोणीतरी असावं लागतं. आणि काही जणी मला विचारतात, की विधवांना हळदीकुंकवाला बोलवायचं की हळदीकुंकूच बंद करायचं? माझं मत विचाराल तर मला त्या समारंभाचं काही सोयरसुतक नाही. पण ज्या बाईला वीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, तिला आत यावंसं वाटलं तर "हा समारंभच प्रतिगामी आहे" असं दारात उभं राहून सांगणारी मी कोण? ती आत येऊन बसू दे. मग ती आणि मी मिळून ठरवू.

हे विषयांतर झालं. काकूंच्या घरी पुढे काय झालं ते ऐका. घर नमुना आठला सासऱ्यांच्या नावावर होतं. सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती, कोणी वारस नोंद केली नव्हती. दिरानं काकूंना एक खोली दिली आणि मागच्या वाडीत टिनाचं शेड घालायचं ठरवलं, ट्रॅक्टर उभा करायला. एक दिवस तो कागद घेऊन आला, म्हणाला, वहिनी, सही करा, पुढे भानगड नको. ते हक्कसोडपत्र होतं. काकू दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "यात मोगऱ्याचं कुठं लिहिलं हाये?"

सगळे हसले. तिथेच काकूंना शंका आली. ज्या कागदात तीस वर्षांचं झाड नाही, त्यात आणखी काय काय नसेल? त्यांनी सही केली नाही.

आठ दिवसांनी वाडीत खोदकाम सुरू झालं. त्या रात्री दहाच्या सुमाराला काकू माझ्या दारात. ओल्या पोत्यात गुंडाळलेलं मोगऱ्याचं बुड, मातीच्या गोळ्यासकट. "हे ठेव वं तुयापाशी. जागा त्यायची असन, झाड तं मायं हाये ना?"

त्या रात्री आम्ही दोघींनी कंदिलाच्या उजेडात खड्डा खणला. वीज होती, पण काकूंना उजेड नको होता. मी काकूंना म्हटलं, जागाही तुमची आहे. त्यांना ते खरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते कागदावर कसं दाखवायचं ते नीट माहीत नव्हतं.

आता कायद्याचं. हे लिहून घ्या. हिंदू वारसा कायदा १९५६ चा; तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे, आपल्या जिल्ह्यात हे सांगणं गरजेचं आहे. या कायद्याप्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. बायकोला मुलाइतका वाटा. ही कोणाची मेहेरबानी नाही. सासऱ्यांच्या घरात काकांचा जो हिस्सा होता, तो काकांच्या मागे काकूंकडे आणि त्यांच्या मुलीकडे येतो. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नाही अशी एक अट पूर्वी होती, ती २००५ च्या दुरुस्तीत गेली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला होता, देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं.

दुसरं, नमुना आठ हा ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा कागद आहे. तो मालकीचा शेवटचा पुरावा नाही. दीर, सासरा कोणीही "नमुना आठला तुझं नाव नाही" म्हणाला म्हणून उठून जाऊ नका. पण नवरा जिवंत असताना त्यावर दोघांची नावं लावून घ्या. २००३ साली सरकारनं "घर दोघांचे" म्हणून निर्णय काढला तो याचसाठी. किती घरांवर दोघांची नावं आहेत? इथे हात वर करा बघू. बघा. आणि हात वर केलेल्यांपैकी कागद डोळ्यांनी पाहिलेल्या किती?

तिसरं, २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणावरून ड्रोन फिरला, भूमी अभिलेखवाल्यांनी मोजणी केली, मिळकत पत्रिका तयार होतात. चौकशीच्या वेळी घरात जो पुरुष असेल तो नाव सांगतो आणि तेच लागतं. बाई आत चहा करत असते. तुमच्या गावची पत्रिका झाली असेल तर उतारा काढून बघा, नाव चुकलं असेल तर हरकत घ्या. हे काम एकटीनं करू नका, पाच जणी मिळून जा.

चौथं, हक्कसोडपत्र. राखीपौर्णिमेला किंवा लग्नाच्या बोलणीत समोर येणारा कागद हा बहुतेक वेळा तोच असतो. वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही.

हे सगळं माहीत असूनही किती अवघड असतं, ते महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये दाखवून दिलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ बायांशी ते बोलले. नवरा कसत होता ती जमीन सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर झालेली नव्हती. आणि राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के. म्हणजे जमिनीपेक्षा घर अवघड! शेतकरी संघटनेनं चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनात बायांच्या जमिनीचा प्रश्न मांडला, पुढे लक्ष्मीमुक्तीत गावंच्या गावं नवऱ्यांनी बायकोच्या नावावर तुकडा करून दिला, बाईनं स्वतःच्या मर्जीनं पिकवायची सीता शेतीही सांगितली. तिथे नवरा राजी होता. काकूंसारखीच्या बाबतीत राजी होणारा माणूसच उरलेला नसतो.

काकूंना आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. हेही लिहून घ्या. चार वर्षं गेली. तारखेला जायला मजुरी बुडायची. मधल्या काळात दिराच्या बायकोनं काकूंशी बोलणं टाकलं, गल्लीतल्या निम्म्या घरांनी फुलं मागायला येणं बंद केलं. यायला फुलंही उरली नव्हती म्हणा. शेवटी लोक अदालतीत तडजोड झाली. राहती खोली, एक पडवी आणि मागच्या वाडीचा अर्धा भाग काकूंच्या आणि मुलीच्या नावावर. पूर्ण हिस्सा नाही. वकील म्हणाले आणखी लढता येईल. काकू म्हणाल्या, पुरे. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण तारखेला उपाशी मी जात नव्हते, त्या जात होत्या.

पवनारला धामच्या काठी विनोबांनी १९५९ साली बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. तिथल्या बहिणी शेती, स्वयंपाक, सफाई सगळं स्वतः करतात. मी तिथे जाते तेव्हा मनात येतं, इथे कोणाला सधवा-विधवा विचारत नाहीत. किती मोकळं आहे. पण त्यासाठी संसारच सोडावा लागतो, आणि काकूंना संसार सोडायचा नव्हता. त्यांना आपल्याच घरामागच्या मातीत पुन्हा मोगरा लावायचा होता.

रविवारी चार वाजता त्या आल्या. मागच्या पावसाळ्यात मी मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली होती, तिला मुळं फुटली आहेत. ते दाबकलम त्यांच्यासाठीच होतं. मी म्हटलं, "काकू, आता नेऊ नका, उन्हात जळेल. मिरग येऊ द्या." त्या म्हणाल्या, "मिरगापर्यंत कोन थांबते? मी रोज दोन गुंड पानी घालीन, वरून तट्ट्याची सावली करीन." मी फांदी कापली. मातीचा गोळा धरून आम्ही त्यांच्या वाडीत नेलं. शेडच्या पलीकडे दिराची सून उभी होती. ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळानं भिंतीवरून पाण्याची बादली ठेवून गेली. काकूंनी ते पाणी घेतलं नाही. स्वतःच्या माठातलंच घातलं. मी काही बोलले नाही.

लावून झाल्यावर परत माझ्या अंगणात येऊन त्यांनी कळ्या तोडल्या, ओटीभर. पायरीवर बसून गजरा केला. मला वाटलं, आज त्या घालतील. त्यांनी तो माझ्या केसात घातला. मी म्हटलं, "आणि तुम्ही?" त्यांनी उरलेल्या चार कळ्या उशाशी ठेवायला म्हणून पदराला बांधल्या. "वास तं येते," एवढंच म्हणाल्या.

तो गजरा घालून मी दुसऱ्या दिवशी तहसीलला गेले, तुमच्यातल्या दोघींच्या वारस नोंदीच्या अर्जासाठी. तो अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. बैठक संपली की त्या दोघींनी माझ्याशी बोलावं.

आणखी एक. शेवंतीचे साठ-सत्तर फुटवे निघाले म्हणाले ना, ते मी ओल्या फडक्यात बांधून आणले आहेत, दाराशी टोपल्यात आहेत. जाताना प्रत्येकीनं एक-दोन न्यावेत. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ थोडं पाणी शिंपडा, आणि पाऊस पडेपर्यंत जमिनीत लावू नका.